मागच्या सीटवरून टेस्ट ड्राइव्ह

इलेक्ट्रिक गाडीच्या टेस्ट ड्राइव्हमधली पहिली पाच मिनिटं फुकट जाणार, हे मी आता धरूनच चालते. मोकळा रस्ता आला की शेजारी बसलेला सेल्समन म्हणतो, "मॅडम, जरा दाबून बघा." आपण दाबतो, पाठ सीटला चिकटते, मागून नवरा "आईशप्पथ!" म्हणतो आणि सेल्समन अशा थाटात हसतो की जणू मोटर त्यानेच बनवली. यातून गाडीबद्दल कळलं काय? मोटरला जोर आहे. तो असणारच. रिव्हियन या अमेरिकी कंपनीची चार मोटरींची आर१टी ही इलेक्ट्रिक पिकअप स्वतःचं तीन टनांच्या वरचं वजन घेऊन साधारण तीन सेकंदांत ताशी शंभराच्या घरात पोचते. भारी आहेच, पण रोज ऑफिसला जाताना ते करणार कोण?

आमच्या घरात सध्या दोन तट आहेत. नवऱ्याला पिकअप हवी आहे, मला सीटच्या तीन ओळींची एसयूव्ही. लेक तटस्थ आहे, मागे बसून मोबाईल बघताना मळमळलं नाही की तिला कुठलीही गाडी चालते. आणि मला एल४-एल५चा, म्हणजे कंबरेतल्या मणक्यांचा त्रास आहे. ज्यांना आहे त्यांना पुढचं सांगायला नको, ज्यांना नाही त्यांनी एवढंच समजावं की गाडी किती वेगात पळते यापेक्षा ती खड्ड्यातून कशी बाहेर येते याची माझी कंबर जास्त चौकशी करते. म्हणून माझी पद्धत अशी: टेस्ट ड्राइव्हचा निम्मा वेळ मी मागे बसते. सेल्समनना हे विचित्र वाटतं. "मॅडम, तुम्ही चालवणार नाही?" चालवणार ना. आधी बसून बघते.

सगळ्याचं मूळ वजनात आहे. जीएमसी हमर ईव्ही चार टनांच्या वर जाते आणि त्यातले जवळजवळ १,३०० किलो नुसत्या बॅटरीचे. म्हणजे एक अख्खी हॅचबॅक जमिनीखाली झोपवलेली. फोर्डची एफ-१५० लाइटनिंग पावणेतीन ते तीन टनांच्या आसपास, किआची ईव्ही९ अडीच टनांच्या आगेमागे. एवढं वजन एका मर्यादेपर्यंत फायद्याचंच असतं. चाकं-ब्रेक-टायर यांच्या मानाने वरचं धूड जितकं जड, तितकं ते बारीकसारीक खाचखळग्यांना भीक घालत नाही. म्हणून गुळगुळीत किंवा थोड्याशा खराब रस्त्यावर बहुतेक इलेक्ट्रिक एसयूव्ही राजेशाही वाटतात. गंमत पुढे आहे. हेच धूड मोठ्या उंचवट्यावरून एकदा उसळलं की त्याला थांबवायचं कुणी? ते काम शॉक ॲब्सॉर्बरचं, आणि गाडी-गाडीतला खरा फरक तिथे दिसतो.

त्यामुळे मी मोजते ती दुसरी उसळी. स्पीडब्रेकर ताशी तीस-पस्तीसने ओलांडायचा (शेजारच्याला आधी सांगून), आणि मागची चाकं उतरल्यावर काय होतं ते शांतपणे बघायचं. चांगली गाडी एकदा वर जाते, खाली येते आणि तिथेच बसते. कच्ची गाडी खाली येऊन पुन्हा वर जाते, आणि कधीकधी तिसऱ्यांदा उगाच मान हलवते. गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होईल अशा बेताने स्प्रिंग बसवलेल्या असतात, त्यामुळे या उसळ्या आरामात मोजता येतात. स्टॉपवॉच लागत नाही. चाकं मात्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतात, ती हातापायांना जाणवतात. आणि बसलेल्या माणसाला उभ्या दिशेने सगळ्यात जास्त जाचतात ते मधले हादरे, सेकंदाला चार ते आठ वेळांचे. कंपनं मोजण्याच्या आयएसओ २६३१ या मानकातही याच पट्ट्याला सर्वाधिक महत्त्व दिलेलं आहे. माझ्या कंबरेला हे मानक येण्याआधीपासून माहीत असावं.

आता कानातल्यांबद्दल. टेस्ट ड्राइव्हला जाताना मी मुद्दाम लांब लोंबते कानातले घालते. हसा, पण याच्याइतकं चांगलं यंत्र नाही. रस्त्याच्या एकाच बाजूला खड्डा असेल आणि डावी चाकंच त्यात गेली, तर उंच गाडीत डोकं डावीकडे-उजवीकडे फेकलं जातं. समोर बघणाऱ्या ड्रायव्हरला हे फारसं कळत नाही, कारण त्याच्या हातात स्टीअरिंग असतं आणि खड्डा येताना त्याला दिसलेला असतो. मागे बसलेल्याला ना धरायला काही, ना सूचना. एका नावाजलेल्या मोठ्या एसयूव्हीत माझे कानातले इतके गालावर आपटत होते की मी शेवटी काढून पर्समध्ये टाकले. पुढे नवरा त्याच वेळी म्हणत होता, "काय मस्त बसलीय रस्त्याला!" दोघंही खरं बोलत होतो.

यामागचं कारण एक साधी पोलादी दांडी आहे, अँटी-रोल बार. ती डाव्या आणि उजव्या चाकाला जोडते, म्हणून वळणावर गाडी कलंडल्यासारखी झुकत नाही. पण त्याच जोडणीमुळे एका चाकाचा दणका दुसऱ्या बाजूलाही पोचतो. उंच आणि जड गाडी वळणावर झुकू नये म्हणून दांडी जाड करावी, तर सरळ खराब रस्त्यावर डोकी हलतात. दांडी बारीक करावी, तर वळणावर माणसं दरवाज्याला टेकतात. बॅटरी खाली असल्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि हा तिढा थोडा सैल होतो, सुटत मात्र नाही. रिव्हियनने तो वेगळ्या वाटेने सोडवला आहे. त्यांच्या आर१ गाड्यांत नेहमीची दांडीच नाही, चारही बाजूंचे शॉक ॲब्सॉर्बर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेले आहेत. गाडी झुकायला लागली की तेलाचा दाब तिला अडवतो, एकच चाक खड्ड्यात गेलं तर ते मोकळं हलू शकतं. मॅकलॅरेनने २०११च्या एमपी४-१२सी या स्पोर्ट्स कारमध्ये हीच कल्पना वापरली होती. स्पोर्ट्स कारची युक्ती पिकअपमध्ये यावी, हे मला मोटरच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त रोमांचक वाटतं, पण सेल्समन याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत.

पिकअपबद्दल माझा पूर्वग्रह होता तो रिकाम्या हौद्याचा, म्हणजे मागच्या उघड्या मालाच्या जागेचा. पारंपरिक पिकअपला मागे एकसंध ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असतात. पाटे हौद्यात माल भरल्यावर शोभतील असे कडक, म्हणून रिकामी गाडी मागून टणाटण उड्या मारते. लाइटनिंगमध्ये फोर्डने एफ-१५० मालिकेत पहिल्यांदा मागे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं हलणारं) दिलं, तेही कॉइल स्प्रिंगवर. फरक पाय ठेवल्या ठेवल्या कळतो, मागचं टोक आता उडत नाही. पण भौतिकशास्त्राला कुणी लाच देऊ शकत नाही: हौद्यात आठ-नऊशे किलो टाकायची सोय ठेवायची असेल, तर रिकामं असताना साधी स्प्रिंग थोडी कडकच राहणार. एअर सस्पेन्शन, म्हणजे पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, इथे कामाला येतं. वजन वाढलं की हवेचा दाब वाढवला जातो, उंची तीच राहते आणि उसळीचा ठेकाही जवळजवळ तोच राहतो. नवऱ्याला मी सांगितलं, पिकअप घ्यायचीच तर हवेवरची बघू. तो म्हणाला, "हवेवर चालतेयस तू." असो.

एअर सस्पेन्शनमध्येही एक मेख आहे. गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर ठेवून रस्त्यावर काढली की चाकाला खाली लटकायला जागाच उरत नाही, आणि खड्ड्यात ते आखडून खट्ट आवाज करतं. एकदा आम्हाला अशीच गाडी मिळाली. आधीच्या गिऱ्हाईकाने मातीच्या ट्रॅकवर नेलेली होती आणि कुणी उंची खाली आणली नव्हती. मी मागून ओरडेपर्यंत आम्ही तिला नावं ठेवत होतो. तेव्हा निघण्याआधी स्क्रीनवर उंची आणि मोड बघून घ्या, मधल्या सेटिंगवर ठेवा, मग बोला.

मागच्या सीटची दुसरी बाजू लांबीची आहे. रिव्हियनच्याच दोन गाड्या घ्या. आर१टी पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३,४५० मिमी, आर१एस एसयूव्हीचं साधारण ३,०७५ मिमी. यंत्रं तीच, कंपनी तीच. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला दहा मीटर, त्या वेगाने उंचवटा पिकअपच्या मागच्या चाकांपर्यंत पोचायला सुमारे ०.३५ सेकंद लागतात, एसयूव्हीत ०.३१. फरक डोळे मिचकावण्याइतका वाटतो, पण नाक वर-शेपूट खाली, मग उलट, असं जे डोलणं होतं त्याचा सगळा हिशेब याच वेळेवर ठरतो. लांब गाडी शांतपणे डोलते, आखूड गाडी घाई करते. मॉरिस ऑली नावाच्या अभियंत्याने १९३०च्या दशकात कॅडिलॅकमध्ये असताना यावर तोडगा सुचवला होता: मागच्या स्प्रिंग पुढच्यांपेक्षा थोड्या चपळ (लवकर वरखाली होणाऱ्या) ठेवा, म्हणजे उशिरा हललेली मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि डोलणं विरून जातं. नव्वद वर्षं झाली, अजूनही गाड्या याच हिशेबाने लावतात. पण कुठल्या वेगाला तो बसवला आहे हे कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे एकच उंचवटा वीस, चाळीस आणि साठने घेऊन बघावा. तीनही वेगांना समाधान देणारी गाडी मला अजून भेटलेली नाही.

आणि तिसरी ओळ. पिकअपमधली मागची सीट मागच्या ॲक्सलच्या बरीच पुढे असते, कारण मागे हौदा असतो. तिसऱ्या ओळीतली माणसं मात्र जवळजवळ ॲक्सलवरच बसतात आणि सगळा दणका त्यांच्या मणक्यात जातो. म्हणजे माझा लाडका पर्याय मागच्या लोकांना जास्त छळतो आणि नवऱ्याची पिकअप कमी. हे मी त्याला सांगितलेलं नाही. तो हा ब्लॉग वाचत नाही.

टायरकडे कुणी बघत नाही आणि निम्मी गोष्ट तिथेच असते. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हच्या गाडीला हमखास मोठी चाकं असतात, कारण फोटोत छान दिसतात. आर१टीच्या २० इंची चाकावर २७५/६५ टायर येतो, २२ इंचीवर २७५/५०. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. पट्टीने मोजायला नको, गुणाकार करा: टायरची बाजूची भिंत पहिल्यात सुमारे १७९ मिमी, दुसऱ्यात १३८. चार सेंटिमीटर रबर आणि हवा गायब. खड्ड्याची कड कापल्यासारखी लागते ती या चार सेंटिमीटरमुळे. २० इंचीवरच्या जाड नक्षीच्या टायरचा स्वतःचा एक घूं आवाज असतो आणि वळणावर तो थोडा लवतो, हेही खरं. मला तो सौदा मान्य आहे. टायरच्या अंगावर आकड्यांआधी एचएल अशी अक्षरं दिसली तर दचकू नका. तो जड गाड्यांसाठी आलेला जास्त भार पेलणारा प्रकार आहे. भार पेलायचा तर बाजूची भिंत कणखर हवी, म्हणजे आरामात थोडी काटछाट आलीच.

हवेचा दाब मात्र तपासाच. दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतो, रिव्हियनचा ४८ पीएसआय सांगतो, जो साध्या कारच्या मानाने भरपूर आहे. नव्या गाड्या कधीकधी वाहतुकीसाठी जास्त हवा भरून येतात आणि कुणी कमी करायला विसरतं. बहुतेक गाड्यांच्या स्क्रीनवर चारही दाब दिसतात, एक मिनिटाचं काम आहे. मी विचारते तेव्हा सेल्समन माझ्याकडे पंपावरच्या पोऱ्याकडे बघावं तसं बघतात.

आवाज हा वेगळा फसवा प्रकार. इंजिन नसल्याने सस्पेन्शनचा प्रत्येक ठक् ऐकू येतो आणि आपण त्याला दणका समजतो. उलटही होतं: गाणी चालू असतात, काचा जाड, सगळं गुळगुळीत वाटतं आणि घरी येऊन पाठ बोलते. मी सुरुवातीलाच ऑडिओ बंद करायला लावते. एका गाडीत त्यामुळे रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल प्लास्टिकवर टिकटिकताना ऐकू आलं, कडक रस्त्यावर सतत, घड्याळासारखं. नंतर त्या गाडीचं काहीही चांगलं दिसेना.

लेकीचा मुद्दा रिजनचा, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंगचा. पाय उचलला की मोटर गाडीला मागे खेचते, बॅटरी भरते, एका पेडलवर गाडी चालते. चालवणाऱ्याला हे दोन दिवसांत आवडायला लागतं. मागे मोबाईल बघणाऱ्या मुलीला मात्र दर काही सेकंदांनी नाक खाली, नाक वर. सावकाश, पुन्हापुन्हा होणारी हालचालच मळमळ आणते, आणि हवेवरची मऊ गाडी असेल तर जास्तच. तिला घेऊन जातो तेव्हा रिजन कमी करून एक फेरी आणि पूर्ण ठेवून एक फेरी मारतो. नवऱ्याचा पाय जड आहे हे यातून निष्पन्न झालं, गाडीचा दोष नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर रिजन आपोआप कमी होतं, हेही लक्षात असू द्या. शोरूमची गाडी बहुधा पूर्ण चार्ज करून उभी असते, त्यामुळे तिथे ब्रेक वेगळा लागतो आणि घरी वेगळा.

हाताळणीबद्दल लोक फार बोलतात, मला त्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, लांबलचक वळणावर मध्येच खराब पॅच लागला तर गाडी ओळ सोडते का. जड गाडी गोल वळणावर मुळीच झुकली नाही तरी तिचं वजन कुठे गेलेलं नसतं, पुढच्या टायरना ते वाहायचं असतंच. वेग थोडा वाढवला की स्टीअरिंग हलकं पडतं, नाक बाहेर सरकू लागतं. सपाट बॅटरीच्या सुखाने दिलेल्या भ्रमाचं हे बिल. झुकणं हा खरं तर इशारा असतो, आणि इथे तो इशाराच काढून टाकलेला असतो. दुसरी गोष्ट, सरळ रस्त्यावर हात किती वेळा हलवावे लागतात. चांगल्या गाडीत हात विसरतात, वाईट गाडीत सतत बारीक दुरुस्त्या चालू.

मागची चाकं वळवणाऱ्या गाड्यांचं कौतुक मलाही आहे. हमर ईव्हीची मागची चाकं दहा अंशांपर्यंत वळतात आणि ते धूड पार्किंगमध्ये अविश्वसनीय सहज फिरतं. पण सावकाश वेगात मागची चाकं उलट्या दिशेला वळत असल्याने शेपूट बाहेर येतं. भिंतीला चिकटून उभी असलेली गाडी काढताना घासायची शक्यता तिथेच. टेस्लाच्या सायबरट्रक या पिकअपमध्ये तर स्टीअरिंग आणि चाकांमध्ये यांत्रिक जोडणीच नाही, सगळा कारभार तारांमधून, आणि टोकापासून टोकापर्यंत स्टीअरिंग पूर्ण एक फेराही होत नाही. पहिल्या दोन चौकांत मी फुटपाथच्या बाजूला फार आत घुसत होते, तिसऱ्यापासून सरावले. अशा गाडीचं मत पहिल्या दहा मिनिटांत बनवू नये, हे मी इतरांना सांगते.

मोडबद्दल थोडक्यात: स्पोर्टमध्ये चालवू नका, घरी कुणी ठेवत नाही.

सध्याची स्थिती अशी आहे. आम्हाला पसंत पडलेली पिकअप शोरूममध्ये २२ इंची चाकांवर होती. मी विचारलं, लहान चाकांची गाडी चालवायला मिळेल का. सेल्समन म्हणाला, "मॅडम, लोक मोठी चाकं मागतात, लहान कोणी मागत नाही." मग म्हटलं, आली की फोन करा, आम्ही चौघं येऊ, सासूबाईंना मागे बसवायचं आहे, आणि हौद्यात टाकायला सामानही आणू. त्याने वहीत लिहून घेतलं. नवरा तोवर स्क्रीनवर रंग बदलून बघत होता, हिरवा का निळा.